दक्षिणेचा वारा

भूमध्य समुद्रात लाम्पेदुसा नावाचं एक बेट आहे. मी ते पाहिलेलं नाही, आणि आता या गुडघ्यांनी ते पाहणं होणारही नाही. पण कागद-पेन्सिल द्या, आत्ता काढून दाखवते. लांबट आहे, पाटावर आडवी टाकलेली सुरमई असावी तसं. उत्तरेला आणि पश्चिमेला उंच कडे, सुरीने कापल्यासारखे सरळ समुद्रात उतरलेले. तिथून जमीन हळूहळू दक्षिणेकडे उतरते, आणि दक्षिणेच्या अंगाला खाचा, लहान लहान आखातं, बंदर आणि वस्ती. मालकी इटलीची, पण इटलीपेक्षा आफ्रिका जवळ. नदी नाही, ओढा नाही. पिण्याचं पाणीसुद्धा बरीच वर्षं जहाजाने आणायचे.

भिवंडीच्या खाडीकाठची बाई हे सगळं कशी काय सांगते, असं लोकांना वाटतं. आमच्या बायका तर तोंडावर विचारतात, "आगो, तू कवा गेलीस तिथं?" मी गेले नव्हते. माझा धाकटा तिथे होता, आणि तो परत येईल की नाही हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत मी ते बेट पाठ केलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. खाडीतून रेती काढणं बंद होत आलं होतं, आसपासच्या भातशेतांवर पत्र्याची गोदामं उभी राहत होती, आणि वीज दिवसातून दोनदा जायची. वीज गेली की गावावरचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, एकदम थांबायचे. इतकी वर्षं तो खटाखट आवाज कानात, त्यामुळे तो थांबला की आम्हाला दचकायला व्हायचं.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं मी पोरांच्या पुस्तकांतून शिकले, वाणसामानाच्या पुड्यांवरून शिकले, गोदामांच्या पाट्यांवरून शिकले. पोरं भूगोलाला कंटाळायची, मला मात्र तो फार आवडायचा. धाकटा जहाजावर ऑइलर म्हणून लागला, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघायचं काम, तेव्हा सगळ्यांनी त्याला काय काय आणायला सांगितलं. अत्तर, घड्याळ, चॉकलेट. मी म्हटलं, मला काही नको, जिथे जिथे पाय ठेवशील तिथला एक खडा आण. तो आणायचा. मी तुळशीभोवती मांडायचे आणि त्याच्या शाळेच्या जुन्या नकाशात ते गाव शोधायचे. माझे हे म्हणायचे, "लोकांची पोरं परदेशातून टीव्ही आणत्यात. आपला दगड आणतोय. आपल्याकडं दगडाला काय तोटा हाय?"

हे म्हणजे माझे मालक. जन्मभर रेतीची होडी चालवलेला माणूस. बोलणं कमी, टोमणा नेमका.

थंडीचे दिवस होते. धाकटा दर रविवारी दुपारी फोन करायचा. त्या रविवारी त्याचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा येत होता.

"आये, इंजिन बसलंय. सामान यायचंय. तवर नांगर टाकून बसलोय."

"कुठे बसलायत?"

"एक बेट हाय. लाम्पेदुसा."

"थांब, लिहून घेते. ला, म्पे..."

"लिव, लिव. आनि तुझा दगड घेतलाय बरं का. इथं गुहा हाय एक, देवीची, जुनी. तिथला घेतला. पांढरा, लिमलेटच्या गोळीएवढा."

"उतरू देतात तुम्हाला?"

"भाजी आणायला होडी जाते ना. मी जातो संगं."

"जेवतोस ना नीट?"

"जेवतो की. मासळी काय झ्याक मिळते इथं!"

फोन कट झाला. मी खूश. देवीच्या गुहेतला खडा! नकाशा काढला तर त्यात ते बेट नव्हतंच. भूमध्य समुद्रात इटलीचा बूट, बुटाच्या टोकाला सिसिली, त्याच्याखाली माल्टा, आणि मग नुसतं निळं. माझ्या पोराखाली नुसतं निळं पाणी होतं, हे मला काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षात बसून टेमघरला गेले. तिथे नाक्यावर एक सायबर कॅफे होता, तीन कॉम्प्युटर आणि एक पंखा. चालवणारी बाई तिशीची असेल, इथलीच कोकणी मुसलमान. नवऱ्याचे लूम होते, हिने स्वतःच्या हिमतीवर हे दुकान टाकलेलं. गावातल्या पोरांचे नोकरीचे अर्ज तिच्याकडेच भरले जायचे, म्हणून ओळख होती. मी कागद पुढे केला.

"काकी, ही काय नवीन भाजी?"

"बेट आहे. माझा धाकटा तिथे आहे. त्या बेटाबद्दल जे जे सापडेल ते काढ."

तिने काढलं. इंग्रजीत होतं, ती वाचायची आणि मला आपल्या भाषेत सांगायची, मी वहीत उतरवायचे. किती गोष्टी होत्या! एके काळी तिथे रान होतं. मग शेकडो वर्षं बेट ओसाड पडलं, कारण समुद्रावर चाचे फिरायचे, वस्ती केली की माणसं पकडून गुलाम म्हणून विकायचे. मग एका राजाने लोक पाठवून पुन्हा वस्ती वसवली. त्या लोकांनी झाडं तोडली, कोळसा पाडला, आणि बेट उघडं बोडकं केलं. मग जवळच्या समुद्रात स्पंज सापडला, भांडी घासायचा नाही, समुद्रात उगवतो तो, त्याच्यामागे होड्या धावल्या. सरकारने कैदी ठेवले. महायुद्धात बॉम्ब पडले. एक इंग्रज वैमानिक म्हणे तेल संपलं म्हणून तिथे उतरला, तर तिथले शिपाई पांढरं फडकं घेऊन त्यालाच शरण आले.

"बिचारा पेट्रोल मागायला गेला असणार," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

मग गुहा आली. धाकट्याने सांगितलेली तीच असणार, देवीची म्हणजे मेरीमातेची. पण त्याच गुहेत दुसऱ्या अंगाला एका मुसलमान पिराची कबरही होती. जुन्या काळी तिथे एक बैरागी राहायचा. समुद्रात ख्रिस्ती जहाज दिसलं की तो मातेपुढे दिवा लावायचा, तुर्की जहाज दिसलं की पिरापुढे.

"हा माणूस शंभर टक्के भिवंडीचा, काकी!"

"दोन्हीकडचं खात होता मेला."

"दोन्हीकडे दिवा लावत होता म्हणा ना. तेल काय फुकट येतं?"

हसत हसतच तिने पुढचं वाचलं. येणारी जहाजं त्या गुहेत सामान ठेवून जायची. बिस्किटं, तेल, कपडे, दोरखंड. जहाज फुटून कुणी पोहत आला, कुणी गुलाम पळून आला, तर त्याने लागेल तेवढं घ्यावं. कुणी राखणदार नव्हता. पण गरज नसताना कुणी काही उचललं आणि त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही, तर त्याचं जहाज बेटावरून हलत नाही, असं खलाशी मानायचे. वारा कितीही चांगला सुटो, जहाज जागचं हलत नाही.

ती पुढचं वाचत होती. मला पुढचं ऐकू आलं नाही. माझ्या पोराचं जहाज हलत नव्हतं.

घरी आले. हे ओट्यावर बसून जाळं शिवत होते, हाताला चाळा म्हणून. मी सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील, आणि मला ते हवंच होतं. कुणीतरी हसायला हवं होतं.

ह्यांनी सुई खाली ठेवली.

त्याचं कारण सांगते. आमच्याकडे रेतीच्या होडीवर एक रीत होती. बुडी मारून काढलेल्या रेतीची दिवसातली पहिली बादली वर आली की ती होडीत ओतायची नाही, परत खाडीत सोडायची. पहिली बादली खाडीची. नवा माणूस असला आणि त्याने चुकून होडीत ओतली, तर नाखवा त्या दिवशी काम बंद करायचा. बुडी मारणारे खाली जायचेच नाहीत. हा माणूस चाळीस वर्षं पहिली बादली परत देत आला होता. त्याला बेटाची गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

"त्यानं काय ठेवलं का बदल्यात?" ह्यांनी विचारलं.

"मी कुठे विचारलं?"

"दगड आणायला कुणी सांगितलं व्हतं?"

 ह्यांनी सुई उचलून पुन्हा जाळं शिवायला घेतलं; त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, पुस्तकं वाचणारी, आणि एका खड्याला घाबरली. घाबरले. जहाजाचं इंजिन खड्याने बंद पडत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझं पोर समुद्रात होतं आणि मी इथे भाकऱ्या थापत होते. मला करता येण्यासारखं जगात एकच काम सापडलं होतं, तो खडा परत ठेवायला लावणं. त्याला फोन करता येत नव्हता. पण मुंबईच्या कंपनीच्या कागदावर जहाजाचा ईमेल होता.

पुन्हा टेमघर.

"लिही," मी म्हटलं. "कॅप्टनसाहेबांना नमस्कार. माझ्या मुलाने, तो तुमच्याकडे ऑइलर आहे, बेटावरच्या गुहेतून एक पांढरा खडा घेतला आहे. त्यात त्याची चूक नाही, मी सांगितलं होतं. कृपा करून त्याला तो परत ठेवायला लावा, आणि सोबत बिस्किटांचा एक पुडा ठेवायला लावा. म्हणजे जहाज हलेल."

तिचे हात थांबले. "काकी, हे वाचून कॅप्टन हसेल."

"हसू दे. हसला म्हणजे वाचलं तरी."

"तुमच्या पोराचं नाक कापलं जाईल."

"नाक कापलेलं चालेल. पोर परत पाहिजे."

तिने टाइप केलं. पाठवायच्या वेळेला वीज गेली. पडदा काळा, बाहेर लूम बंद, सगळं चिडीचूप. ती म्हणाली, दोन तासांनी येईल. मी दोन तास त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिले. तिने चहा मागवला, स्वतःच्या सासूच्या गोष्टी सांगितल्या, मी हूं हूं करत होते. वीज आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, आणि या वेळेस तिने स्वतःहून शेवटी एक ओळ घातली. मी विचारलं काय घातलंस, तर म्हणाली, "आई फार घाबरलेली आहे, एवढंच."

पुढचा रविवार आला. फोन आला नाही.

मंगळवारी हिंदी बातम्यांत ते नाव ऐकलं. आपल्या टीव्हीवर, जेवणाच्या ताटासमोर, लाम्पेदुसा! बाई बातम्या वाचत होती की बेटाजवळ होडी बुडाली, माणसं गेली. आफ्रिकेतून चोरून पलीकडे जाणाऱ्या गरीब माणसांची होडी, असं पुढे म्हणाली. पण ते पुढचं ऐकेपर्यंत मध्ये जे काही पळ गेले, ते मी कुणाला सांगू शकत नाही. पडद्यावर काळा समुद्र आणि नारिंगी जाकिटं. मी प्रत्येक जाकिटात बघत होते. हे म्हणाले, "ते आपलं न्हाय. ऐकलंस ना, ते आपलं न्हाय." आणि स्वतः टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

मग मनात आलं, त्या होडीतल्या कुणाची तरी आई पण आत्ता "ते आपलं नाही" म्हणत असेल. ताट तसंच राहिलं.

सकाळी मुंबईच्या ऑफिसात फोन लावला. बोलणारा माणूस गोड होता. "माताजी, जहाज अँकरवर आहे, सगळे सुखरूप आहेत." मी विचारलं, सामान कधी येणार? "प्रोसेस चालू आहे." फोन का येत नाही? "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल." तो प्रत्येक प्रश्नाला इतक्या पटकन उत्तर देत होता की मला त्याच्यापेक्षा जास्त माहिती आहे असं वाटायला लागलं.

गुरुवारी दुपारी फोन वाजला.

"आये, काय लिवलंस तू? कॅप्टननं सगळ्यांसमोर वाचलं. बिस्किटवाला म्हणत्यात मना आता."

मी रडायला लागले. तो म्हणाला, रडू नको, कॅप्टनने स्वतःचा फोन दिलाय बोलायला. मी म्हटलं, "खडा ठेवलास का परत?"

"तू जेवलीस का, आये?"

"ठेवलास का?"

"आये, दगड न्हाय घेतला मी."

"म्हणजे?"

"उतरलोच न्हाय कुणी. सोडत न्हायत. पहिल्या दिवसापासून जहाजावरच हावोत. गुहेचं आमच्या कुकनं सांगितलं, तो कवातरी आला व्हता इकडं. तुला बरं वाटावं म्हणून मी बोललो."

"आणि मासळी?"

"डाळभात हाय. पाणी मोजून देत्यात. इंजिन पार गेलंय आये, ते इथं व्हायचं न्हाय. ओढून न्यायला टग पाहिजे. मालक टग पाठवतो म्हणतो आनि पाठवत न्हाय."

"भीती वाटते का रे?"

"वारा दक्षिणेचा आला तर वाटते," तो म्हणाला. मग पटकन म्हणाला, "न्हाय गं, तशी काय न्हाय." आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर हातात धरून तशीच बसले. खड्याची भीती गेली होती. तुम्हाला वाटेल हलकं वाटलं असेल. उलट झालं. खडा होता तोवर तो परत ठेवता येत होता. आता परत ठेवायला काही उरलं नव्हतं. नुसतं एक बंद पडलेलं जहाज, नांगराची एक साखळी, आणि वारा.

आणि दक्षिणेचा वारा म्हणजे काय, हे मला वही उघडताच कळलं. थंडीत तिकडे जोराचे वारे उत्तर-पश्चिमेकडून येतात. म्हणून जहाज बेटाच्या दक्षिणेला आडोशाला उभं. उत्तरेचे उंच कडे वाऱ्याला पाठ देऊन उभे, त्यांच्यामागे माझं पोर. म्हणजे बेटानेच त्याला पदराखाली घेतलं होतं म्हणा ना. पण वारा फिरला आणि दक्षिणेकडून आला, तर आडोसा संपला. मग तोच किनारा, त्याच खाचा, तेच खडक जहाजाच्या मागे. इंजिन नाही. साखळी सुटली की सरळ खडकावर.

मी ह्यांना नकाशा काढून दाखवला. ह्यांनी बराच वेळ पाहिला. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि जहाजाच्या जागी एक टिंब दिलं. "हितं नसंल. थोडं भायेर आसंल. शहाणा कॅप्टन आसंल तर भायेर ठेवंल," म्हणाले. टिंब खोडून अर्ध्या बोटभर दूर दुसरं दिलं. त्या अर्ध्या बोटाने मला त्या दिवशी जेवण गेलं.

मग माझा नेमच झाला. सकाळचं आवरलं की टेमघर. तिने कॉम्प्युटरवर वाऱ्याची एक जागा शोधून दिली होती. समुद्राचा नकाशा, त्यावर बारीक बारीक बाण. मी वहीत तारीख घालून बाण काढायचे. उत्तर-पश्चिम. उत्तर-पश्चिम. पश्चिम. तिने पैसे घेणं बंद केलं, मी गेले की एक पोरगा उठवून मला जागा करून द्यायची. "उठ रे, काकींची हवा बघायची वेळ झाली." एकदा म्हणाली, "काकी, मी पण दुआ करते. पण मला कळत नाही कुठल्या बाजूचा वारा मागायचा."

"उत्तरेचा माग."

"उत्तरेचा. बरं. लिहून ठेवते."

घरी हे संध्याकाळी खाडीवर जाऊन उभे राहायचे आणि तोंड वर करून इथला वारा बघायचे. इथल्या वाऱ्याचा तिथे काय संबंध? मी एकदा तसं म्हटलं. म्हणाले, "मना दुसरा वारा कुठं दिसतोय?"

एका सोमवारी बाण फिरले. मी बसले आणि पडद्यावर पाहिलं तर सगळे बाण खालून वर. ती माझ्या खांद्यामागे उभी होती, तिलाही आता वाचता येत होतं.  तिने बटण दाबलं, पुढच्या दिवसाचे बाण आले, ते पण खालून वर, आणि जास्त जाड. जाड म्हणजे जोर. ते मी वहीत उतरवले, तोवर वीज गेली.

मी घरी कशी आले आठवत नाही. हे म्हणाले, काय? मी बोट खालून वर केलं. हे आत जाऊन देवापुढे बसले. हा माणूस गणपतीचे दिवस सोडले तर देवापुढे बसत नसे.

सोमवार गेला. मंगळवारी ऑफिसातला गोड माणूस फोन उचलेना. मी अंगण झाडलं, पुन्हा झाडलं. शेजारीण हळद मागायला आली तिला मी मीठ दिलं, ती तशीच घेऊन गेली. हे फोनजवळच्या खाटेवरून उठले नाहीत. रेतीच्या दिवसांत बुडी मारलेला माणूस वर यायला उशीर झाला की नाखवा पाण्याच्या त्याच जागेवर डोळे रोवून बसतो, दुसरीकडे बघत नाही. तसे फोनकडे बघत होते. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला, गार झाल्यावर उचलला, पुन्हा ठेवला.

बुधवारी दुपारी फोन आला. ह्यांनीच उचलला.

"कुठनं बोलतोस?" हे ओरडले. मग ऐकत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जमिनीवर हाय." एवढंच. आणि भिंतीला टेकून खाली बसले.

टग आला होता. मंगळवारी, ऐन वाऱ्यात. ओढून सिसिलीला नेलं. मालकाने पाठवला की तिथल्या सरकारने, हे आम्हाला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी धाकट्याला फोनवर चार वेळा विचारलं, पायाखाली खरंच जमीन आहे का, या वेळेस खोटं बोलू नको. त्याने पाय आपटून आवाज ऐकवला.

महिन्याभराने तो घरी आला. गालांची हाडं वर आलेली. पहिले काही दिवस नुसता झोपला आणि जेवला. टेमघरच्या बाईने डब्यातून खिमा पाठवला, सोबत चिठ्ठी, "बिस्किटवाल्याला." तो हसला, पण ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

एका दुपारी तो माझी वही घेऊन बसला. पानं उलटत होता.

"आये, तिथं कासवं येत्यात अंडी घालायला? मना दिसलं न्हाय एक पण."

"उन्हाळ्यात येतात. तू थंडीत होतास."

"आनि कैदी ठेवायचे?"

"हो. फार पूर्वी."

"मी दोन महिने बघत व्हतो त्या बेटाकडं," तो म्हणाला. "चपटं नुसतं. काय पण न्हाय त्यावर. तुला सगळं ठाव हाय."

मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग तो बाणांच्या पानांवर आला. बोट ठेवून एकेक तारीख बघत गेला. बाण खालून वर होते त्या पानावर थांबला.

"हा दिवस," तो म्हणाला.

हे आतून म्हणाले, "ऱ्हाऊ दे रे. कशाला?"

मलाही नको होतं. त्या बेटाची मिळेल ती माहिती मी गोळा केली होती, चाच्यांपासून कासवांपर्यंत, पण ही एक मला नको होती. पण त्याचं बोट पानावरून उठेना. मी म्हटलं, "सांग."

त्याने सांगितलं. नांगर सरकायला लागला तो सकाळी. जाकिटं घालून सगळ्यांना वर बोलावलं. कुक डोक्यावर टोपी घालून देवाचं म्हणत होता. बेटावरची माणसं किनाऱ्यावर येऊन उभी राहिली होती, दोर घेऊन. एका माणसाच्या हातात घोंगड्या होत्या, त्या वाऱ्याने उडत होत्या आणि तो त्या पुन्हा पुन्हा गोळा करत होता. टगचा दोर पहिल्यांदा टाकला तो पडला पाण्यात. दुसऱ्यांदा पण. तो सांगताना माझ्याकडे बघत नव्हता, बोटाने बाणावर बाण गिरवत होता, आणि कागद फाटायला आला होता.

मी विचारलं, "खडक किती लांब होते?"

त्याने मान वर केली आणि दारातून बाहेर पाहिलं, अंतराचा अंदाज घेत.

"समोरचं गोदाम हाय ना," तो म्हणाला, "तेवढे."

मी पाहिलं. गोदामाच्या शटरला लावलेलं कुलूप मला बसल्या जागेवरून दिसत होतं.